कोणी यायचं राहिलं काय?

तात्यापारा, रायपूर
१२ ऑक्टोबर

बंडू,

आशीर्वाद लिहून सुरुवात करणार होती, पण राग अजून उतरला नाही. उतरला की लिहीन. तोपर्यंत नुसतं वाच.

तुझा पत्ता भांडेवाल्या हिरालालनं दिला. गोल बाजारात देवश्रीच्या रुखवतासाठी पितळी डबा घ्यायले गेली होती, तर तो म्हणे, "दीदी, बंडू भैया भी हमीं से बर्तन ले जाते थे. बीरगांव में रहते हैं, टंकी के पीछे." माझ्या लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हापासून मी तुझं तोंड पाहिलं नाही, अन् तू माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन गंज-पातेले घेऊन जात होतास! बरा आहेस बाप्पा. सख्खी बहीण मेली की जिवंत आहे, तेवढं तरी त्या हिरालालले विचारायचं होतंस.

नंबरही दिला त्यानं. मी लावला. दोनदा कोणी उचलला नाही. मग उचलला, पण बोललंच नाही कोणी. नुसता श्वास ऐकू आला. मी "बंडू, बंडू" करून राहिली अन् तू तोंड शिवून बसलास. लहानपणीही असाच होतास, रुसला की भिंतीकडं तोंड करून बसायचा. पन्नाशी उलटली रे आता. म्हणून पत्र लिहून राहिली. पत्राले तरी दमानं वाचावं लागते, मधातच ठेवता येत नाही.

कामाचं लिहिते. देवश्रीचं लग्न ठरलं. देवश्री म्हणजे माझी पोट्टी, एकुलती एक. तू तिले पाहिलंच नाहीस. मुलगा भिलाईचा, भार्गव नाव आहे, बँकेत आहे, साधा वाटला. तेवीस नोव्हेंबरले दुपारी मुहूर्त आहे, आपल्या मराठी मंडळाच्या हॉलात. नवरीले बोहल्यावर मामा आणतो, हे तुले सांगायले नको. अन् तिले मामा एकच. तू.

दुसरं म्हणजे पुकार. तुले हे माहीत नसंल, तू आपल्या लोकांत येतोस कुठं! आता रायपुरात मराठी लग्न म्हटलं की पुकार पाहिजेच. शेवटल्या मंगलाष्टकाच्या आधी भटजी थांबतात. समद्यांच्या मुठीत अक्षता, अन् चिटपाखरू बोलत नाही. भटजी दाराकडं तोंड करून तीनदा विचारतात, "कोणी यायचं राहिलं काय?" तिसऱ्यांदा नवरीचा मामा दारातून म्हणतो, "नाही, समदे आले." मग शेवटलं मंगलाष्टक, अक्षता, वाजंत्री. पोरंपोरी मोबाइल काढून तेवढंच शूट करतात.

लग्नाचं समदं पाहायले देवश्रीनं रीना नावाची एक मुलगी ठरवली. मांडवापासून मेंदीपर्यंत समदं तीच करते. परवा ती घरी येऊन सांगून राहिली, "आंटी, ये बहुत पुरानी परंपरा है, मराठा राज के टाइम की. सरदार लोग लड़ाई पर जाते थे, तो शादी में पूछा जाता था कि कोई पीछे तो नहीं रह गया." देवश्री डोळे मोठे करून ऐकत होती. मग मले विचारते, "मम्मी, तुम्हारी शादी में भी हुई थी ना ये रस्म?"

मी हव म्हटलं अन् दूध ठेवायले उठून गेली.

सरदार म्हणे! तू ये. तिले तूच सांग, कोण कोणत्या लढाईवर गेलं होतं ते.

तुझी ताई,
विमला


तात्यापारा
२७ ऑक्टोबर

बंडू,

दिवाळी झाली, भाऊबीजही गेली. तुझं उत्तर नाही. ताटात सुपारी ठेवून ओवाळलं मी, दरवर्षी ओवाळते तसं. देवश्री म्हणे, "सुपारी को क्यों टीका लगाती हो?" आता तिले काय सांगू? म्हटलं, चंद्राले भाऊ मानून ओवाळायचं असते, पण आज आभाळ आलं.

काल तिनं पुन्हा विषय काढला. लग्नपत्रिकेत एक पान ह्या पुकारावर छापायचं आहे म्हणे, सरदारांच्या चित्रासकट. तेव्हापासून डोकं फिरलं आहे माझं. खोटं छापून पोरीले मांडवात उभी करायची काय? अन् खरं सांगायचं म्हटलं तर अर्धं तुझ्यापाशी आहे. माझ्या वाटणीचं लिहून टाकते. चुकलं तर सांग.

माझ्या लग्नाच्या महिनाभर आधी तू दुलारीसोबत कोर्टात जाऊन लग्न केलंस. ती बीरगांवजवळ, उरला गावात, कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहायची. बाबांनी रेल्वेच्या नोकरीत साहेबाची बोलणी निमूट खाल्ली, पण घरात हे लग्न त्यांना खपलं नाही. तुले काढलं. पण लग्नाच्या दिवशी बाबा मले म्हणाले, "बंड्याले बोलावलं होतं. तो रुसून बसला, येत नाही." मी विश्वास ठेवला. ठेवणार नाही तर काय! तुझ्या रुसण्याचा मले लहानपणापासून अनुभव. नवरीच्या शालूत मी मनातल्या मनात तुले शिव्या घालत होती.

मग शेवटलं मंगलाष्टक आलं. अंतरपाटाच्या अलीकडं मी, पलीकडं हे. गंगाधर भटजींनी तोंड उघडलं अन् आई मधातून उठली. समद्यांच्या देखत हॉलच्या दारात जाऊन उभी राहिली अन् ओरडली, "कोणी यायचं राहिलं काय?" लोक एकमेकांकडं पाहायले लागले. बाबा "अगं, अगं" करत धावले. तिनं हात झटकला. पुन्हा ओरडली. मुहूर्त टळून चालला होता, भटजी घाबरले, माझी सासू तर उठूनच उभी राहिली. तिसऱ्यांदा आईचा आवाज फाटला.

अन् बाहेरून कोणी म्हटलं, "नाही. समदे आले."

आई शांत झाली. वळून आपल्या जागेवर आली. अक्षता पडल्या. माझं लग्न लागलं.

मागून बाबा म्हणाले, ते वाढपी मारोती बोलला. समदे म्हणाले, मारोतीच बोलला. बंडू, मारोती तोतरा होता. "नाही" म्हणेपर्यंत त्याचं पंगतभर वरण वाढून व्हायचं. मले तेव्हाच ओळखू आला होता तुझा आवाज. पण तू रुसला आहेस असं मनात पक्कं बसलं होतं, म्हटलं भास झाला असंल.

आई मागच्या वर्षी गेली. जायच्या आधी तिनं सांगितलं. माझ्या सासूनं अट घातली होती. पोट्टा मांडवात दिसला तर वरात परत जाईल. बाबांनी हात जोडून तुले येऊ नको म्हटलं. तरीही तू आलास, बाहेर रस्त्यावर उभा राहिलास. आई तुले आत घेतल्याशिवाय अक्षता पडू देणार नव्हती, अन् तूच बाहेरून समदे आले म्हणून सांगितलंस. माझी वरात परत जाऊ नये म्हणून.

ह्यांना विचारलं मी. "तुम्हाले माहीत होतं?" हे पेपर वाचत होते. पेपरची घडी केली अन् म्हणाले, "होतं." दोन दिवस मी त्यांना चहा केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दोन कप केले. आता ह्या वयात कोणाशी भांडू? सासू गेली, बाबा गेले.

पुकाराचं पुढचं ऐक. माझ्या लग्नानंतर मीराकाकूंच्या पोरीचं लग्न होतं. शेवटल्या मंगलाष्टकाले आई पुन्हा उठून दारात गेली. पुन्हा तेच. ह्याच्या-त्याच्या, ज्या लग्नात गेली त्या लग्नात हेच. लोक म्हणायले लागले, पोराच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. तिले लग्नाले बोलवू नये असंही निघालं. तेव्हा गंगाधर भटजींनीच मार्ग काढला. भला माणूस. आईनं उठायच्या आधी ते स्वतःच विचारायले लागले, म्हणजे तिले उठावं लागू नये. अन् ज्या कोणाचा मामा दाराजवळ असंल तो म्हणायचा, समदे आले. आई ऐकायची, मान हलवायची. एका लग्नात भटजी विसरले अन् त्या नवरीचा संसार मोडला, मग काय विचारतोस! पुकार नसंल तर अपशकुन झाला. बस, इथून झाली तुझी मराठा राजची परंपरा.

आई प्रत्येक वेळी दाराकडं पाहायची. मी तिच्याकडं पाहायची. तिले माहीत होतं, तो आवाज तुझा नाही.

आता ह्या लग्नात तुझाच पाहिजे. ये रे.

विमला


तात्यापारा
८ नोव्हेंबर

बंडू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं अन् तिथंच फाटकात उभी राहून वाचलं. वाचायले वेळ कितीसा लागतो! "येईन. पुकाराचं दुसऱ्याले सांग." एवढंच? अठ्ठावीस वर्षांत शाई महाग झाली काय?

पण येईन लिहिलंस. कार्ड देवापुढं ठेवलं आहे. अक्षर तसंच आहे तुझं, रेघ सोडून वर चढणारं.

दुसऱ्याले काहून सांगू? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत करून राहिलास माझी. रीनानं ह्यांच्या चुलतभावाले, विशालले, माइक देऊन उभं करायचं ठरवलं होतं. कोणी मामा नसला तर कोणीही चालते म्हणे. मी तिले साफ सांगितलं, विशाल नाही, कोणी नाही. माझा भाऊ आला तर तो बोलंल, नाही आला तर कोणी तोंड उघडायचं नाही. ती म्हणे, "आंटी, फिर रस्म अधूरी रह जाएगी." म्हटलं, राहू दे अधुरी.

पत्रिकेतले सरदार काढायले लावले. त्या पानावर आता नुसता मंगलकलश आहे. देवश्री फुगून बसली, मग रात्री जेवताना विचारते, "मामा लंबे हैं क्या?" म्हटलं, उंच आहे, अन् आवाज असा की तात्यापाऱ्यातून हाक मारली तर बुढ्या तलावाच्या काठावरची पोरं घरी पळत यायची. ती हसली. "तो फिर माइक की क्या ज़रूरत," म्हणे.

दुलारीले घेऊन ये. तुझ्या पोरीले पण, सोनिया नाव आहे म्हणे, हिरालाल बोलला. दुलारीसाठी लुगडं घेतलं आहे, हिरवं. तिले आवडंल की नाही कोण जाणे. तुझ्यासाठी मामाचा आहेर वेगळा काढून ठेवला आहे.

बोहल्यावर आणायले तू लागशील, म्हणून जरा लवकर ये. मी दारातच राहीन.

विमला


तात्यापारा
२५ नोव्हेंबर

बंडू,

आला नाहीस.

लग्न झालं. चांगलं झालं म्हणून राहिले समदे. जेवण चांगलं होतं, भार्गवकडची माणसं खूश होऊन गेली. मी काल दिवसभर मांडवातल्या सतरंज्या झाडल्यासारखं घर झाडलं. आज जरा बसली, तर लिहायलेच घेतलं. तुले ऐकावंच लागंल.

तू लिहिलं होतंस येईन. मी सकाळपासून दाराकडं पाहून राहिली. ऑटो थांबला की उठायची. मुहूर्त जवळ आला तरी पत्ता नाही. शेवटी विशालनं देवश्रीले बोहल्यावर आणलं. ती चालता चालता माझ्याकडं पाहून राहिली होती.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी बोहल्यावरून दाराकडं डोळे लावून. तिथंही मधात माणसांची गर्दी. एक म्हातारा नेमका दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला, हाडाचा सापळा, गळ्याभोवती गमछा गुंडाळलेला. वाढप्यांपैकी असंल नाहीतर रस्त्यावरून जेवायले शिरला असंल. त्याच्यामुळं मले बाहेरचं दिसेना. मी त्याले हातानं बाजूले हो म्हटलं. तो माझ्याकडं पाहतच राहिला. पुन्हा हात केला, तेव्हा झाला बाजूले.

भटजी थांबले. गंगाधर भटजींचा नातूच आहे हा. "कोणी यायचं राहिलं काय?" कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. विशाल माझ्याकडं पाहून राहिला, रीना खालून हातवारे करून राहिली. तिसऱ्यांदा विचारलं. पोरीचा अंतरपाट धरलेला, समद्यांच्या मुठी गच्च, अन् दारात कोणी नाही.

माझ्यातली आईच उठली जणू. मी बोलली, अन् मले वाटलं त्याहून मोठ्यानं बोलली. "हव, राहिलं. माझा भाऊ राहिला. समदे आले नाहीत. कधीच आले नव्हते."

सगळा हॉल गप्प. मले वाटलं, आता तरी कोणी विचारंल, विमलाबाई, कोण भाऊ, काय झालं होतं? अन् बंडू, लोकांनी टाळ्या वाजवल्या! आधी एक-दोन, मग सारा हॉल. त्यांना वाटलं हा पुकाराचाच भाग आहे, ह्या घरानं नवीन काढला. टाळ्यांतच भटजींनी शेवटलं मंगलाष्टक म्हणून टाकलं अन् अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या.

रीना मागून गळ्यात पडली. डोळे पुसून राहिली होती. "आंटी, इतना इमोशनल! अगली शादी में भी करवाऊँगी, लड़की की माँ से. भाई वाली लाइन तो रखूँगी ही." आई ओरडली त्याची रीत झाली. मी ओरडली, त्याचीही होऊन राहिली. आमचं रडणं लोकांच्या लग्नात वाजते.

तेव्हा निदान तू बाहेर होतास. ह्यावेळी तेवढंही नाही. एवढा कसला रे राग? तुझ्या दाराले कुलूप लावून ठेवलं आहेस काय जन्मभराचं? गुरुवारी मी बीरगांवले येऊन राहिली. आहेर तुझ्या दारात टाकीन अन् परत येईन. बोलू नको माझ्याशी.

विमला


तात्यापारा
२९ नोव्हेंबर

चिरंजीव बंडूले ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुझ्यासमोर बसली होती तेव्हा धड बोलता आलं नाही मले. दोघं भाऊबहीण मुके. पोहे खाल्ले, पाणी प्यालं अन् मी आली निघून. म्हणून लिहून राहिली.

तुझं दार दुलारीनं उघडलं. मी आहेराची पिशवी पुढं केली अन् आधीच घोकून ठेवलेलं बोलायले लागली, एवढा कसला राग म्हणून. ती माझा हात धरून म्हणाली, "दुआरी म त खड़े रिहिन, दीदी." दारातच तर उभे होते. मले समजलं नाही. मग आतल्या खाटेवरून तू उठलास. गळ्याभोवती तोच गमछा.

मी तुले हातानं बाजूले हो म्हटलं होतं, बंडू. दोनदा.

दुलारीनं समदं सांगितलं. गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकली, दोन वर्षं झाली. फोन तू उचलायचास अन् माझा आवाज ऐकत राहायचास. लग्नाच्या दिवशी उरल्याच्या रेल्वे फाटकाजवळ ट्रकांची रांग लागली होती, ऑटो अडकला, म्हणून उशीर झाला. कार्डावर आजाराचं लिही म्हणून ती तुझ्या मागं लागली होती, तर तू पाटीवर लिहून दाखवलंस, बिहाव के घर म रोना-धोना झन होय. अरे, लग्नघरात रडारड नको म्हणे! तात्यापाऱ्याच्या माणसानं बीरगांवच्या बायकोशी छत्तीसगढीत पाटीवर भांडावं, अन् तेही माझ्यासाठी.

तू लिहिलं होतंस, पुकाराचं दुसऱ्याले सांग. सरळ लिहिलं होतंस. मीच कोणाले तोंड उघडू दिलं नाही. तुझ्यासाठी जागा राखून ठेवली अन् त्या जागेवर तू उभा असताना तुलेच हाकललं.

हिरवं लुगडं दुलारीनं तिथंच पदरावरून लावून पाहिलं. सोनिया ड्यूटीवर गेली होती, तिची भेट राहिली. येईन पुन्हा. दुलारी मले टंकीपर्यंत सोडायले आली, तेव्हा डॉक्टरांचं जे बोलली ते इथं लिहीत नाही. तुले माहीतच असंल. तुझ्या डोळ्यांवरून वाटलं मले. देवश्री अन् भार्गव परत आले की त्यांना घेऊन लगेच येते. ह्यांनाही आणते. ते यायचं म्हणून राहिले, अन् मी नको म्हटलं नाही.

निघताना मी तुले विचारलं होतं, "मी ते बोलली तेव्हा तू काय केलंस रे?" तू दोन्ही हात वर केलेस अन् माझ्या तोंडासमोर एकदा टाळी वाजवलीस. मले वाटलं, तू चिडवून राहिलास. जुनी खोड. राग आला, खरं सांगते. ऑटोत बसून रस्ताभर मनात तेच चालू होतं, की त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा भाऊही होता.

काल रीनानं व्हिडिओ पाठवला. हे झोपल्यावर मी खोलीचं दार लावून पाहिला. भटजी तिसऱ्यांदा विचारतात. मी बोलते. मग सारा हॉल गप्प होतो, मले आठवते त्याहून जास्त वेळ गप्प राहतो. कोणी हलत नाही. अन् मग दाराकडून एक टाळी येते. एकटीच. कॅमेरा तिकडं वळतो तर नुसती माणसांची डोकी दिसतात, तू त्यांच्या मागं आहेस, दिसत नाहीस. पुन्हा एक टाळी. मग कोणीतरी तुझं पाहून वाजवते, अन् मग समदे.

देवश्रीले आज तो पाठवला अन् फोन लावला. म्हटलं, ऐक, ही पहिली टाळी ऐक. ती म्हणे, "क्या है इसमें, मम्मी?"

म्हटलं, तुझा मामा आहे. तो म्हणून राहिला, समदे आले.

तुझी ताई